बोरिवलीत न दिसलेला अरोरा

विलास, तुझ्या ग्रुपवर आज सकाळपासून हिरव्यागार आकाशाचा एक फोटो फिरतोय. खाली लिहिलंय, ‘आदरणीय विलासरावांनी बोरिवलीच्या गच्चीवरून टिपलेला अरोरा. भावपूर्ण श्रद्धांजली.’ फोटोत खाली बर्फ आहे. बोरिवली पूर्वेला, तुझ्या पाण्याच्या टाकीशेजारी, बर्फ. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागलीय, आणि त्यातल्या एकाही शहाण्याला तो बर्फ दिसलेला नाही. तो फोटो तुझ्या लेकीने, मेघनाने, हेलसिंकीहून तुला पाठवलेला आहे; तूच कधीतरी सामंतांना दिला असशील. तिनेही तो आज पाहिला. ती आता तुझ्या आतल्या खोलीत झोपलीय, म्हणून मी बाहेर तुझ्या खुर्चीत बसून हे लिहितोय.

त्याच सामंतांनी मला काल स्मशानातून परतताना गाठलं. तुझ्या सोसायटीचे सेक्रेटरी, तुझ्या ग्रुपचे दुसरे अ‍ॅडमिन, आणि तुझ्या पश्चात आता बहुतेक सूर्याचे कार्यकारी विश्वस्त. म्हणाले, “शोकसभेत वाचायला चार शब्द लिहून द्या. तुम्ही त्यांचे मरोळपासूनचे मित्र. जरा प्रेरणादायी ठेवा.” हा तो लेख नव्हे. प्रेरणा घेण्यासारखं तू काही केलेलं नाहीस आणि ज्यांना ती घ्यायचीय त्यांच्यात घेण्याची कुवत नाही. हा कागद शोकसभेत जाणार नाही, ग्रुपवर तर मुळीच नाही.

आपल्या भांडणापासून सुरू करतो, ते अर्धवट राहिलंय. रोज दिवेलागणीला तू गच्चीवर जायचास, उत्तरेकडचा फोटो काढायचास आणि ग्रुपवर टाकायचास: ‘आजचा अंदाज. मुंबईत अरोरा दिसण्याची शक्यता नगण्य.’ मग मी भांडुपहून फोन करायचो.

“विल्या, शून्य लिही.”

“शून्य नाय ती.”

“तुला आयुष्यात कधी दिसणार आहे का तो इथे?”

“तो प्रश्न वेगळा. शून्य नाय म्हणजे नाय. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत दिसलाय, पेपरात आलं होतं तेव्हा. तुका काय कळता?”

मला कळायचं ते एवढंच, आणि तेही तूच शिकवलेलं. सूर्य अधूनमधून पोटातलं बाहेर फेकतो, ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर येऊन आदळतं आणि ध्रुवांच्या आसपासचं आकाश उजळतं, तो अरोरा. वादळ मोठं असलं की ते उजेडाचं कडं खाली सरकतं. मध्यंतरी लडाखच्या कॅमेऱ्यांना तांबडी झाक दिसली, तेव्हा तू पेढे वाटायचाच बाकी होतास. पण मुंबई त्याच्याही कितीतरी खाली. इथे फार तर क्षितिजाला चिकटून एखादी तांबूस रेघ, तीही शतकातून एखादवेळी, आणि तुझ्या गच्चीच्या उत्तरेला क्षितिज उरलंय कुठे? तिथे टॉवर आहेत. देवाने जरी तुझ्यासाठी खास अरोरा पाठवला असता तरी तो एखाद्या बिल्डरच्या जाहिरातफलकामागे अडकला असता.

हे सगळं तुला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. मरोळच्या कारखान्यात आपण विजेचे मीटर बनवायचो तेव्हा तू तपासणीला होतास. काटा जराही कललेला दिसला की मीटर परत पाठवायचास, मग साहेब डोक्यावर उभा असो की माल ट्रकमध्ये चढत असो. पॅकिंगमध्ये मी तुझ्या नावाने बोटं मोडायचो. असा माणूस निवृत्त झाल्यावर गच्चीत जाऊन एका अशक्य गोष्टीची वाट बघतो आणि तिला अशक्य म्हणायलाही तयार नसतो, याचा मला राग यायचा. अजूनही येतोय. तू मेलास म्हणून तो कमी झालेला नाही.

तुझ्या भक्तमंडळींबद्दल तर बोलायलाच नको. ती जमली कशी, हेही गमतीचं आहे. लडाखची बातमी टीव्हीवर आली, त्या आठवड्यात तुझ्या सोसायटीला शोध लागला की आपल्यात एक ‘सूर्यवादळवाले काका’ राहतात. तोवर तू त्यांच्यासाठी गच्चीची चावी परत न करणारा सी-विंगचा म्हातारा होतास. तू त्यांना चुंबकीय क्षेत्र समजावलंस, केपी आकडा समजावलास. पृथ्वीभोवती किती खळबळ आहे ते सांगणारा, शून्यापासून नऊपर्यंतचा आकडा, किती सोपं. सगळं ऐकून घेतल्यावर पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, “मग काका, वेध किती वाजता लागतात?”

तू हसला नाहीस. मी तिथेच होतो, मी हसलो, आणि तू मला डोळ्यांनी दाबलंस. पण त्या दिवसापासून तुझ्या सोसायटीत सूर्यवादळ म्हणजे ग्रहण झालं. तू ‘आज वादळाचा इशारा’ असं लिहिलंस की लोणच्याच्या बरणीवर तुळशीपत्र पडायचं. गरोदर सुनांना भाजी चिरू द्यायची नाही. सामंतांनी फ्रिजला तांब्याची पट्टी चिकटवली आणि मग इतरांनाही चिकटवून दिली. इंजिनीअर आहेत म्हणे ते. वादळाचे वेध, वादळाचा मोक्ष, वादळ सुटल्यावर आंघोळ. सुटलं की नाही हे मात्र तुलाच विचारायचे. तू बिचारा दर वेळी लिहायचास, ‘याचा माणसाच्या शरीरावर काहीही परिणाम होत नाही.’ त्यावर अंगठे यायचे आणि लगेच खाली वेधांची वेळ विचारली जायची. आमच्या घरी ग्रहणातही भजी तळतात, त्यामुळे मला ही गंमत बघायला मजा यायची. तुला यायची नाही. तू म्हणायचास, येतायत तर येऊ दे, ऐकता ऐकता शिकतील. शिकले नाहीत, विलास.

एकदा मात्र तू मला आवडला होतास. त्या संध्याकाळी मोठ्या वादळाचा इशारा होता, गच्चीवर जत्रा भरलेली. अंधार पडत होता आणि दहिसरच्या बाजूला आकाशात हिरवट पट्टे हलायला लागले. बायकांनी हात जोडले. सामंत “अरोरा, अरोरा” करत व्हिडिओ काढायला लागले, आवाजात कंप. तू चष्मा पुसलास, परत लावलास, आणि म्हणालास, “लग्नाच्या लॉनवरचे दिवे आहेत ते. फिरतायत.” सगळी गच्ची तुझ्यावर उलटली. इतकी वर्षं ज्याची वाट बघतोस तो दारात आला तर नाही म्हणतोस? निगेटिव्ह माणूस म्हणाले तुला. तू चावी खिशात टाकलीस आणि म्हणालास, “अरोरा असतो तर मी सांगितला नसता काय?” खाली येऊन आपण तुझ्या हातचा बेचव चहा प्यायलो. त्या रात्रीचा अंदाज तू नेहमीसारखाच लिहिलास. नगण्य.

आता तुझ्या बायकोचं, सुनंदावहिनींचं बोलतो. इथे तू मला कधी बोलू दिलं नाहीस, विषय निघाला की चावी घेऊन वर जायचास. आता कुठे जाणार?

वहिनी गेल्या तेव्हा मेघना निघालेली होती. तिचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी उतरणार होतं, हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, तुझ्या गावाहून आलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणीतरी म्हणालं, “रात्रभर कशाला ठेवायची?” कुणीतरी म्हणालं, “मुलगीच ना, मुलगा असता तर वेगळं.” आणि तू भिंतीला टेकून बसला होतास, वर न बघता म्हणालास, “उरकून घ्या.” मी म्हटलं, विलास, एक दिवस. तू ऐकलं नाहीस. दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि तू तिला म्हणालास, “उशीर झाला तुला.” आई गेलेल्या मुलीला बाप म्हणून तू म्हटलेलं हे पहिलं वाक्य. ती फक्त एवढंच म्हणाली, “तुम्ही थांबला नाहीत.” तेरावं झाल्यावर ती गेली ती गेलीच.

एक दिवस मुलीसाठी न थांबलेला माणूस त्यानंतर वर्षानुवर्षं सूर्यासाठी थांबून राहिला. याच्यावर मी काय बोलू? तुला तुच्छ मानायला मला दुसरं कारण लागत नाही, आणि तरी रोज फोन करत होतो, हा माझा गाढवपणा.

पुढच्या थंडीत तिने तुला तो फोटो पाठवला. हिरवं आकाश, खाली बर्फ. सोबत एक अक्षर नाही. तू मला बोलावून दाखवलास. मी म्हटलं, लिही काहीतरी. तू खूप वेळ बसून लिहिलंस, ‘केपी किती होता?’ तिने आकडा पाठवला. पुढच्या वेळी पुन्हा फोटो, पुन्हा तुझा तोच प्रश्न, पुन्हा आकडा. हे तुमचं बोलणं. दोन सरकारी खात्यांत याहून आपुलकीने पत्रव्यवहार चालतो. तिची तब्येत कशी, ती खाते काय, एकटी आहे का, काही नाही. आणि तू बोरिवलीत बसून तिकडचे ढग बघायचास. मुंबईचा अंदाज नंतर, हेलसिंकीचं आकाश आधी. “आज तिकडे भरून आलंय,” म्हणायचास, जणू तुझे कपडे तिथे वाळत घातलेत.

“तिकीट काढ आणि जा,” मी सांगून थकलो.

“तिने बोलावलंय का?”

“तू विचारलंस का?”

“इथे दिसला ना एकदा, की मी पण तिला फोटो पाठवीन,” तू म्हणालास. “मग बघू.”

म्हणजे तू माफी मागायला तयार नव्हतास, पण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वाकवायला तयार होतास. त्या दिवशी मला कळलं की नगण्य आणि शून्य यांच्यातल्या त्या फटीत तू का बसून आहेस. कळल्यावर तरी मी शून्य लिही म्हणणं सोडायला हवं होतं, असं तुला वाटत असेल. मला नाही वाटत. विमानं रोज उडतात रे. मरोळला आपल्या डोक्यावरून जन्मभर उडत होती.

परवा सकाळी तू हॉस्पिटलच्या खाटेवर होतास आणि आदल्या संध्याकाळी तू ग्रुपवर टाकलेला इशारा मोठा होता, या वर्षातला सगळ्यात मोठा. छातीला तारा लावलेल्या, नळी लावलेली, आणि तू मला सांगतोयस की वादळ सूर्याच्या कुठल्या भागातून निघालंय. मी म्हटलं, “मेघनाला फोन करतो.”

“नको.”

“विलास.”

“आज तिकडे आकाश मोकळं आहे. रात्री बाहेर पडेल ती. कशाला तिला अडकवतोस?”

तुझ्याशी झालेलं माझं शेवटचं धड बोलणं हे. मी बाहेरच्या जिन्यात जाऊन तिला फोन केला. ती काही विचारत बसली नाही, फक्त म्हणाली, “निघते.” ती विमानतळावर पोचायच्या आत तू गेला होतास. तेवढ्या घाईने तर तू कधी कारखान्यातून सुटला नव्हतास.

आणि मग तेच सगळं पुन्हा सुरू झालं. तुझे गाववाले आले, सामंत आले, ग्रुप आला. मी सांगितलं, मेघना उद्या सकाळी उतरते, तोवर तुला शवागारात ठेवायचं. सामंतांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मिलिंदराव, तुम्हाला माहीत नसेल. आज वादळाचा इशारा आहे. विलासरावांनीच टाकलाय. संध्याकाळी वेध लागतायत. त्याआधी उरकलेलं बरं. वेधात मयत ठेवू नये.”

ऐकलंस? तुझाच अंदाज. ज्या वादळाचा माणसाच्या शरीरावर काही परिणाम होत नाही म्हणून तू त्यांना घसा कोरडा होईपर्यंत सांगितलंस, ते तुझ्याच शरीराच्या आड आणलं त्यांनी. चार डोकी माना हलवत होती. तुझा चुलतभाऊ म्हणाला, “विलास असता तर तोच म्हणाला असता, ठेवू नका. वहिनीच्या वेळी नाही का म्हणाला?” आणि विलास, तू खरोखरच तसं म्हणाला होतास.

सामंत म्हणाले, “आणि तुम्ही घरचे नाही आहात, म्हणून म्हणतो, आग्रह धरू नका.”

मी म्हटलं, “मी घरचा नाही, मी मरोळचा आहे. ती पोरगी आल्याशिवाय गाडी निघाली तर मी गाडीखाली आडवा पडेन. मग दोन मयती वेधात ठेवाव्या लागतील तुम्हाला.” एवढा आवाज मी युनियनच्या दिवसांनंतर कधी काढला नव्हता. वहिनींच्या वेळी न मिळालेला एक दिवस होता त्या आवाजात. ते मागे हटले, पटलं म्हणून नव्हे, हॉस्पिटलच्या दारात तमाशा नको म्हणून. सामंतांनी ग्रुपवर लिहिलं, ‘काही अपरिहार्य कारणास्तव अंत्ययात्रा उद्या.’ मी ते अपरिहार्य कारण. आजवर मला कुणी एवढ्या मोठ्या शब्दाने बोलावलं नव्हतं.

संध्याकाळी वादळ आलं असणार आणि गेलंही असणार. मी वर बघितलं नाही.

काल सकाळी ती आली. केस पिकायला लागलेत तिचे, तुला कुणी सांगितलं होतं का? तुझ्या चेहऱ्यावरची चादर तिनेच बाजूला केली आणि बराच वेळ बघत राहिली, रडली नाही. अग्नीही तिनेच दिला. तुझ्या चुलतभावाने तोंड वाकडं केलं, पण माझ्याकडे बघून ते लगेच सरळ केलं.

आज दुपारी मंडळी पांगल्यावर ती इथे जमिनीवर बसली होती, तुझ्या खुर्चीला टेकून. ग्रुपवरचा फोटो मीच दाखवला तिला. मला वाटलं चिडेल. ती बघत राहिली आणि म्हणाली, “काका, शहरातून दिसत नाही हो तिकडे सहसा. दिवे असतात, ढग असतात. हा फोटो काढायला मी गाडी घेऊन केवढी लांब गेले होते. बाकीचे पण असेच. मला एवढं काही वेड नाही त्याचं. थंडीने बोटं जातात.”

“मग कशाला जायचीस?”

“बाबा विचारायचे ना, केपी किती होता म्हणून.”

बापही तसला आणि लेकही तसलीच. तुम्हा दोघांना एका दोरीने बांधून या खोलीत कोंडायला हवं होतं. मला तुझा इतका राग आला, विलास, की तू समोर असतास तर मी तुला मारलं असतं आणि मग तुझ्या गळ्यात पडून रडलो असतो. त्या थंडीत ती तुझ्यासाठी रस्त्याच्या कडेला उभी राहायची आणि तू इथे गच्चीवर. काय सुंदर माणसं आणि काय मूर्ख.

मग तिने विचारलं. माझ्याकडे न बघता, चटईच्या काड्या मोडत.

“काका, या वेळी थांबलात तुम्ही सगळे. सामंतकाका म्हणाले, तुम्ही थांबवलंत.” तिला पुढचं वाक्य जड जात होतं. “ते तुमच्या मनानं? की बाबा म्हणाले होते, थांबा म्हणून?”

तू तपासणीचा माणूस, तू असतास तर खरं तेच सांगितलं असतंस. खरं असं की तू फोन नको म्हणालास. खरं असं की तुझ्या तोंडून शेवटपर्यंत तिचं नाव निघालं नाही, ढगांचं निघालं.

मी म्हटलं, “हो. तोच म्हणाला. मेघना आल्याशिवाय मला नेऊ नका, म्हणाला.”

ती तेव्हा रडली. लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. मी पाणी आणायला आत गेलो आणि ओट्याशी उगाच उभा राहिलो. परत आलो तर ती विचारत होती, “अजून काय म्हणाले?” मी म्हटलं, “एवढंच. दम लागत होता त्याला.”

हे तू म्हणाला नव्हतास, विलास. वहिनींच्या वेळी म्हणायला हवं होतंस, परवा म्हणायला हवं होतंस, मधल्या एखाद्या कुठल्याही संध्याकाळी फोन उचलून म्हणता आलं असतं. तुझ्याने झालं नाही म्हणून मी तुझ्या तोंडी घातलं. आता ती ते घेऊन परत जाईल आणि जन्मभर तुझंच समजेल. तू मात्र जिथे कुठे असशील तिथून दुरुस्ती करायला येऊ नकोस.